टाक्यातली हाक

आबा, तुमचा नातू, माझा पोरगा, आता टँकात बसतो. घोड्यावर नाही, लोखंडाच्या गाडीत. काल नगरच्या कँपातून सुट्टीवर आला आणि चुलीपुढं भाकरी खाताना हसत सांगायला लागला, "आये, टँक म्हंजी आपलं टाकंच की. साहेब म्हनला, तुमच्याच मुलखातनं उचलला हा शब्द." साहेबांच्यात म्हणे तळ्यालाही टँक म्हणतात, गाडीत तेल भरतात त्यालाही टँक. आणि मागल्या लढाईत ही गाडी चोरून बांधत होते तेव्हा कुणी विचारलं तर पाण्याची टाकी करतोय म्हणायचे, तेच नाव चिकटलं. मला काही हसू आलं नाही. म्हटलं, गुमान जेव.

मला आपलं पारनेरकडचं टाकं दिसत होतं, डोंगरात कोरलेलं. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तोंड अरुंद, म्हणून तुम्ही मलाच, लहान पोरीला, दोर बांधून आत सोडायचात. आत हवा कोंदलेली, माणूस न ओरडता आडवं होतं, हे तुम्हीच सांगितलेलं. वरून तुमची हाक येते, "हायेस का गं?" मी म्हणते, "हाय." घमेलं भरते, परत हाक. एकदा दमून गप्प राहिले, तर दोर असा ओढलात की काखा सोलल्या, आणि वर आल्या आल्या थोबाडीत दिलीत. "बोलायची थांबलीस तर म्या काय समजू?" मला तेव्हा मार तेवढा कळला.

म्हणून पोराला विचारलं, झाकण लावल्यावर तुला हाक कोण मारतं? म्हणाला, कानाला यंत्र असतं, आम्ही आतले आतल्यांशी बोलतो. आणि बाहेरचं कुणी? "बाहेरच्याला काय ऐकू येनार, आये? लई घरघर." पुढच्या आठवड्यात बोटीवर चढायचंय. कुठं जाणार ते सांगायची मनाई आहे. आतून पेट घेतला तर झाकण उघडतं का, हे मी विचारलं नाही. त्यानं खोटंच सांगितलं असतं.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मला दुसरीपुरतंच येतं. हे लिहिलेलं कुणाला धाडायचं नाही. पोरगा आज गेला, तेव्हा परसातल्या टाक्याचं झाकण उचललं, आत तोंड घालून हाक मारली, "हायेस का रं?" आणि आवाज माघारी यायच्या आत झाकण लावून टाकलं.