खरखरीच्या मागचा आवाज

बाई, तुमची कॅसेट अजून माझ्याकडे आहे, आणि गेले तीन आठवडे मी ती घरच्या कॉम्प्युटरवर नीट ऐकू यावी म्हणून धडपडतो आहे. कॉम्प्युटर म्हणजे टायपरायटरला टीव्ही जोडल्यासारखं एक यंत्र, एवढंच समजा; तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे कुणाच्याच घरी नव्हता. हा खटाटोप मी हौसेनं सुरू केला नाही. तुमच्या लेकीचा फोन आला होता. ती आता वसईजवळच्या होळी नावाच्या गावात राहते, सत्तरीला आली आहे. म्हणाली, "दादा, परवा गॅस पेटता ठेवून मी भाजी आणायला गेले. सून माझ्याकडे बघत होती. आईचं असंच सुरू झालं होतं ना? ती कॅसेट आहे ना तुमच्याकडे? आई नक्की कुठे अडखळायला लागली ते मला नीट ऐकायचंय." मी फोनवरच टेप लावून ऐकवली. दोन मिनिटांनी म्हणाली, "दादा, ही आई आहे की पापड तळताय?" हसलो दोघंही. पण हसू ओसरताच तिनं पुन्हा विचारलं, "नक्की कुठे अडखळते ती?"

ती दुपार मला लख्ख आठवते. निदान आतापर्यंत तरी मी तसं समजत होतो. नंदाखाल गावातलं तुमचं घर, पुढची पडवी, पलीकडे केळी, आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला माझ्या आतेभावाचा टेपरेकॉर्डर. तो बोटीवर नोकरीला होता, रजेवर येताना घेऊन आला होता, आणि मी त्याला जवळजवळ ओढत तुमच्याकडे आणलं होतं. आमच्या बाई कविता कशा म्हणतात ते एकदा कायमचं पकडून ठेवायचं, एवढंच डोक्यात. तुम्ही निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. पदर सारखा करून, पाठ ताठ ठेवून तुम्ही बसता, जणू समोर अख्खी सातवी आहे, आणि नावाड्याची कविता सुरू करता. सात कडवी. हातात पुस्तक नाही. मी तिशीतला, लग्न ठरलेला, मुंबईत कारकून. पण त्या पहिल्या ओळीला मी परत खिडकीपाशच्या बाकावर जाऊन बसतो.

त्याच बाकावर तुम्ही मला एकदा बोलला होतात. शेवटचा तास, घंटा होऊन गेलेली, बाहेर पोरांचा गलका, आणि तुमची अजून दोन कडवी बाकी. घंटा झाली म्हणून कविता मध्ये तोडायची नाही, हा तुमचा नियम साऱ्या शाळेला ठाऊक होता. पुढच्या तासाचे मास्तरसुद्धा दाराशी खडू हातात धरून गुपचूप उभे राहत. मी हळूच दप्तर खांद्याला लावलं. तुम्ही पुस्तकातून वर न बघता म्हणालात, "दप्तर खाली ठेव. नावाडी अजून पाण्यात आहे." वर्ग हसला. मला राग आला नाही, लाज वाटली, आणि मला वाटतं कवितेचं वेड मला त्या दिवशी लागलं.

तर कॅसेट. मी राहतो त्या तुळिंजला खाली बाजारात एक साउंडवाला आहे, लग्नाला, पूजेला स्पीकर लावतो. पन्नाशीचा, तोंडाळ, पण हाताला गुण असलेला. त्याला घरी बोलावलं आणि म्हटलं, मोठे स्पीकर दे, काय होईल ते होऊ दे. तो कॉम्प्युटरपुढे उभा राहिला आणि हसायलाच लागला. "काका, आवाजाच्या तोंडावर रुमाल कोण टाकतं?" स्पीकरवरचे क्रोशाचे ते रुमाल आमच्या हिनं विणलेले, ती गेल्यापासून मी काढलेले नव्हते. मग त्यानं स्पीकर शोकेसमधून बाहेर काढले, भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवले. म्हणाला, "मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नाय. लग्नात लोक तेच बोलतात, वाढव वाढव. वाढवला की कचरापण वाढतो ना." टेपची वायर मी कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी सॉकेटमध्ये खोचली होती. "ती माइकची जागा आहे, काका. तिथं टेप लावाल तर फाटणारच आवाज. निळ्यात घाला." टेपचं हेड त्यानं कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून पुसलं, बोळा चॉकलेटी झाला. टेप आणि कॉम्प्युटर विजेच्या एकाच बोर्डावर घेतल्यावर मागे सतत चालणारी भुणभुण गेली. कॉम्प्युटर स्वतःच्या अकलेनं आवाज सजवतो म्हणे, तेही त्यानं बंद केलं. मग टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, नुसती खरखर असलेला एक तुकडा यंत्राला दाखवला, आणि यंत्रानं तेवढी खरखर सगळीकडून पुसून काढली. जाताना एक हेडफोन ठेवून गेला. "आता ऐका. रडू नका म्हणजे झालं."

रडलो, बाई. तुम्ही खोलीत होतात. कडव्यांच्या मधला तुमचा श्वास, बांगडी, लांब कुठेतरी कुणाच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन. एकही शब्द अडखळत नाही. सहावं कडवं येतं, नावाडी भर मध्यावर, वल्हं हातातून सुटलेलं, आणि तुमच्या आवाजाच्या मागून, माइकच्या अगदी जवळून, दुसरा एक आवाज येतो. तरुण, कंटाळलेला. "पुरे रे आता. म्हातारीचं संपतच नाही. बंद कर, एसटी चुकेल."

तो माझा आवाज आहे.

आतेभावाच्या कानात बोललो होतो. चाळीसहून जास्त वर्षं खरखरीनं तो झाकून ठेवला. तुम्ही शब्दाच्या मध्यावर थांबता. चार सेकंद काहीच नाही. आणि मग ते वाक्य, जे खरखरीतूनही मला नेहमी ऐकू येत असे, अगदी मोकळ्या, हसऱ्या आवाजात: "पुढचं काही आठवत नाही बघ. वय झालं." आम्ही उठलो तेव्हा तुम्ही माझ्या हातात सुकेळ्यांची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, पुडी दिलीत. "बसमध्ये खा. लांबचा पल्ला आहे." ती मी जवळचंच आगाशी गाव येईपर्यंत संपवली होती.

मी ते बोललो होतो हे मला खरंच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की बाई विसरल्या. आणि ते मी सगळीकडे सांगितलं. तुमच्या लेकीला तर त्याच आठवड्यात, काळजीनं. संध्याकाळी पडवीवर पोरं कविता म्हणायला यायची, ती मग तिनं हळूहळू बंद केली. आईला ताण नको म्हणून.  एखादं नाव चुकलं की घरातले एकमेकांकडे बघायचे, आणि तसं बघत राहिलं की कुणाचंही नाव चुकतं. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्यांनी आम्हाला कविता दिली, त्यांना शेवटी कविताच सोडून गेली." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वाक्य मी आदल्या दिवशी दोनदा लिहून पाहिलं होतं. मला ते आवडलं होतं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? ते सोपं आहे, मला ठाऊक आहे. लेकीला हेडफोन लावून द्यायचा आणि गप्प बसायचं. तिची आई विसरली नव्हती, एवढं कळलं असतं तर ती गॅस विसरली म्हणून रात्रंदिवस जिवाला घाबरली नसती. तीन दिवस मी तसं ठरवत राहिलो. चौथ्या दिवशी साउंडवाल्याला फोन केला आणि विचारलं, मधलाच एक तुकडा मुका करायचा तर कसा करतात. त्यानं सांगितलं. "सोप्पं आहे, काका. खोकलाबिकला आलाय का?" मी म्हटलं, हो, खोकला आहे.

काल ती आली. खुर्चीत टेकली, हेडफोन लावला, डोळे मिटले. "अगोबाई, आईचा श्वाससुद्धा ऐकू येतोय," म्हणाली, आणि ओठ तुमच्याबरोबर हलवायला लागली. सगळी कविता तिला येते, बाई. सहाव्या कडव्यापर्यंत तुम्ही दोघी मायलेकी एकदम म्हणत होतात. मग तुम्ही थांबलात. माझ्या त्या वाक्याच्या जागी मी शांतता भरली होती, स्वच्छ, एक टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. त्यानंतर तुमचं ते वाक्य. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला, त्याची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"एकदम थांबली हो," ती म्हणाली. "मला वाटत होतं आधी थोडी अडखळली असेल, चाचरली असेल. तसं काहीच नाही. चांगलं चाललेलं असतं आणि मग एकदम काही नाहीच. असंच येतं म्हणजे ते. तसंच झालं ना, दादा? तुम्ही होतात ना तिथं?"

मी "हो" म्हणालो. मग आत जाऊन चहा ठेवला.

मूळ आवाज मी पुसलेला नाही, तो कॉम्प्युटरमध्ये आहे. लेकीचं गाव इथून फार लांब नाही, बसनं तासाभरात जाता येतं. सकाळपासून दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. त्याऐवजी हे लिहीत बसलो. तुम्हाला पाठवायची सोय असती तरी मी हे पाठवलं नसतं, बाई. तुम्ही रागवाल म्हणून नव्हे. तुम्ही मला पुन्हा पाठीशी घातलं असतंत, आणि मला बरं वाटलं असतं.