दम धरून दहा जोड्या

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

अखेर रुजू झाले. काटोलच्या शाळेने शुक्रवारी राजीनामा मंजूर केला आणि आज सकाळी साडेदहाला नागपुरात संस्थेच्या हजेरीपटावर सही केली. पद : कनिष्ठ संशोधन सहायक. वय : सेहेचाळीस. कारकुनाने दोन्ही रकान्यांकडे आळीपाळीने पाहिलं. पाहू दे. एकोणसाठ साली एम.एस्सी. झाले तेव्हा अशीच एक जागा चालून आली होती. वडील म्हणाले, मुलीला शाळाच बरी. मग चोवीस वर्षं पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवलं.

काम हवेचं आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड दर वर्षी थोडा वाढतो आहे, आणि असाच वाढत राहिला तर पृथ्वी तापेल, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या भागातले आकडे कोणाजवळच नाहीत. ते मी गोळा करायचे. मनीषनगरात खोली मिळाली, खिडकीतून ज्वारी दिसते. शाळेतल्या मुलींनी निघताना संत्र्यांची करंडी दिली, तिचा वास खोलीभर आहे. आज मी खूश आहे. असं लिहायची सवय नाही, तरी लिहिते.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला फेरा. उमरेडच्या एसटीने तासभर, पुढे पायी वीस मिनिटं. बोडकी टेकडी, वर पत्र्याची खोली. दर सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी दोनला, दोन काचेच्या चंबूंत हवा भरायची. चंबूंतली हवा प्रयोगशाळेत आधीच काढून टाकलेली असते. तोटी उघडली की बाहेरची हवा फुसकन आत जाते.

मुख्य नियम असा की तोटी उघडताना श्वास घ्यायचा नाही आणि सोडायचाही नाही. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू हवेच्या शंभरपट असतो. म्हणून मागे उभं राहून दम भरायचा, तो कोंडून वाऱ्याला सामोरं दहा पावलं जायचं, एकामागून एक दोन्ही चंबू डोक्यावर धरून उघडायचे, मिटायचे, आणि मागे येऊन श्वास सोडायचा. मनात चाळीस आकडे होतात. दोन्ही चंबूंचं माप जुळलं तरच ती जोडी खरी.

टेकडीखाली प्रयागबाई राहते. खोलीवर तीच लक्ष ठेवते. तोंडाची टकळी क्षणभर थांबत नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

प्रयागबाई आजही माझ्यामागे वर आली आणि मी दम धरल्यावर मोठ्याने ओव्या म्हणू लागली. खाली येऊन झापलं. तिचं उत्तर तसंच लिहून ठेवते : "बाई, या टेकडीवर चूप नाही राहत कोणी. गुराखी असो का पाटील असो, काहीतरी बोलत राहते, नाही तर खोकत राहते. आन् तुमी त दमच कोंडून राहिल्या!" मी काहून म्हणून विचारलं, तिच्याच भाषेत. म्हणाली, "मले काय मालूम? सासूनं सांगतलं. तुमच्यावानी पुस्तकात नाही वाचलं मी."

तिचे उच्छ्वास नमुन्यात जातील. दुपारी दोनला टेकडीवर कोणीही यायचं नाही, अशी ताकीद दिली. पाय आपटत गेली.

२ डिसेंबर, शुक्रवार

चार जोड्यांचं माप आलं, चारही बाद. पहिला चंबू दहा लाख भागांत ३४१, दुसरा ३९८. पहिला ३४२, दुसरा ४२०. दर वेळी पहिला निर्मळ, दुसरा मळका.

प्रकल्पप्रमुख डॉ. गिरिधर देवपुजारी पस्तिशीचे आहेत, परदेशातून शिकून आलेले. पेन्सिल फिरवत म्हणाले, "सुमतीबाई, दुसऱ्या चंबूपर्यंत दम पुरत नसेल तर सांगा. वयाचा प्रश्न आहे, त्यात लाजायचं काय?" माझा दम साठ आकडे टिकतो, हे त्यांच्यासमोर टेबलाशी बसून दाखवलं. हसले. जीप मागितली तर जीप दुरुस्तीला. नवे चंबू मागितले तर मागणीपत्रावर सही व्हायची आहे. तोटीला लावायचं ग्रीजसुद्धा स्वतः विकत आणलं.

१० डिसेंबर, शनिवार

पुन्हा दोन जोड्या बाद. दुसऱ्या चंबूच्या काचेवर आतून वाफ धरली होती. कोरड्या डिसेंबरात, भर दुपारी.

माझ्याआधी या जागेवर चारुशीला नावाची मुलगी होती, तिचा पत्ता काढून भेटून आले. चोवीस वर्षांची, सुवर्णपदक मिळालेली. छातीवर हात ठेवून बसली होती आणि पुटपुटत होती : आत, बाहेर, आत, बाहेर. मी टेकडीचं नाव काढलं तशी आईने मला स्वयंपाकघरात नेलं. सांगत होती की डॉक्टरांना काही सापडत नाही. पोरगी झोपली की कोणीतरी उशाशी बसून तिला हलवत राहावं लागतं, नाही तर श्वास घ्यायचंच विसरते.

नाजूक पिढी. येताना बसमध्ये मात्र मी स्वतःचे श्वास मोजत होते, हे ध्यानात आलं.

१५ डिसेंबर, गुरुवार

आज दोन जोड्या घेतल्या. पहिली नियमाप्रमाणे, दम धरून. दुसरीच्या वेळी वारा चंबूंकडून माझ्याकडे येईल अशी उभी राहिले, चंबू हातभर लांब धरले, मान मागे वळवली आणि नेहमीसारखा श्वास चालू ठेवला.

दम धरलेल्या जोडीच्या वेळी कानाजवळ कोणीतरी संथपणे श्वास घेत होतं. आजूबाजूला एक झुडूपसुद्धा नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

माप आलं. श्वास चालू ठेवलेली जोडी : ३४१, ३४१. दम धरलेली : ३४१, ४६३.

म्हणजे मी श्वास घेत असले तर हवा शुद्ध. मी थांबले की माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी घेतं.

यातलं पहिलं वाक्य देवपुजारींना सांगितलं, दुसरं नाही. म्हणाले, "मग शोधनिबंधात काय छापू? निरीक्षकाने निवांत श्वास घ्यावा?" जगभरची केंद्रं दम धरूनच नमुने घेतात, पद्धत बदलली तर आपले आकडे त्यांच्या ओळीत बसणार नाहीत. ३१ जानेवारीपर्यंत नियमाप्रमाणे घेतलेल्या, लागोपाठ जुळणाऱ्या दहा जोड्या हव्यात. आल्या तर कायम नेमणूक. नाही तर केंद्र बंद, नेमणूक रद्द. काटोलची माझी जागा भरली गेली आहे. चौकशी करून झाली.

श्वास चालू ठेवून नोंदवहीत "दम धरला" असं लिहिता येईल. प्रयोगवहीत खोटं लिहिणाऱ्या पोरांना चोवीस वर्षं मी बाकावर उभं केलं आहे. ते होणार नाही.

२९ डिसेंबर, गुरुवार

उपाय सापडला. इतका साधा की स्वतःचाच राग आला. जे येतं ते छातीत कोंडलेल्या दमासाठी येतं. मग दम ठेवायचाच कशाला? मागे उभी राहून छाती पार रिकामी केली, पोट पाठीला लागेपर्यंत, आणि रिकामीच चालत गेले. नियम पाळला : श्वास घेतला नाही, सोडला नाही.

काही ऐकू आलं नाही. परत आल्यावर पहिला श्वास यायला थोडा वेळ लागला.

५ जानेवारी १९८४, गुरुवार

आज तिसरी जोडी घेतली. आधीच्या दोन जुळल्या : ३४२, ३४२. ३४१, ३४१. देवपुजारींनी चहा मागवला. मी हे कसं साधलं ते सांगितलं तर म्हणाले, "वा! बघा, जमतं की नाही?" जसं काही त्यांनीच शिकवलं.

प्रयागबाईने पायथ्याशी गाठलं. दुरून पाहत होती म्हणे. "आधी त निदान घर भरलेलं होतं, बाई. आता दार सताड उघडं टाकून घर रिकामं करून राहिल्या. पाहुणा दारातून वापस जाईन काय?" तिला म्हटलं, पाहुणा आला तर तुझ्याकडे पाठवीन. ती हसली नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

पाच झाल्या. रिकाम्या छातीने परत आले की श्वास आपण होऊन येत नाही. आज पन्नास आकडे वाट पाहिली, शेवटी ओढून घ्यावा लागला, विहिरीतून बादली ओढावी तसा.

दुपारी कार्यालयात टंकलेखिका पुष्पलता एकदम ओरडली, बाई, तुमचे ओठ निळे पडले! मी अहवाल वाचत होते. वाचताना विसरले होते.

१९ जानेवारी, गुरुवार

सात. मनाशी म्हटलं की श्वास येतो, नाही म्हटलं तर येत नाही. आत, बाहेर. फळ्यासमोर पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायची तसं. झोपेचं अवघड आहे. घरमालकीण वच्छलाबाईंना विनंती केली, त्या शेजारी बसतात. लाज वाटते.

आणखी तीन जोड्या.

२३ जानेवारी

आठ. देवपुजारींना म्हटलं, उरलेल्या दोन दुसऱ्या कोणाकडून — ते म्हणाले, निरीक्षक बदलला तर मोजणी पुन्हा एकपासून. कायम नेमणुकीची ऑर्डर टाइप झाली आहे, फक्त तारीख भरायची. त्यांना काय सांगू? हवेचे आकडे मोजणाऱ्या माणसाला?

२६ जानेवारी

सुट्टी. तरी गेले. नऊ. पहिला श्वास आला तो — मी ओढलेला नव्हता. मी अजून आकडे मोजत होते. एकच. मग थांबला. पुढचे मी घेतले.

२९ जानेवारी

जाऊ नये.

चोवीस वर्षं. वडिलांचं ऐकून एकदा मागे फिरले. एका गावठी बाईचं ऐकून पुन्हा? — एक जोडी. चाळीस आकडे.

३० जानेवारी, दुपारी दोन वाजून पाच

टेकडीवरच लिहिते. लिहिलं की भान राहतं. प्रयागबाई सोबत यायला निघाली होती, ओव्या म्हणीन म्हणाली. पायथ्याशीच थांबवलं तिला. नियम.

झालं. दोन्ही तोट्या बंद. चंबू पेटीत. दहा.

आता श्वास.

साठ आकडे. येत नाही. ओढते आहे, येत —

छाती वरखाली होते आहे. नीट, संथ. मी अजून श्वास घेतलेला नाही.

थांबवून पाहिली. थांबत नाही.

प्रयागबाई इथून दिसते. हाक मारली तर येईल. पण हाकेला श्वास लागतो आणि तो आता —