जिन्याखालची तक्रारपेटी

सोमवार, ८ सप्टेंबर

पाणी कुठेतरी मुरतंय. शुक्रवारी समितीने जिन्याखालची तक्रारपेटी उघडली, तर आत दोनच चिठ्ठ्या — दोन! आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत सहावीतल्या तिघींना चिठ्ठ्या टाकताना मी स्वतः पाहिलं होतं. तिसरी मुंगी होती. (एवढीशी आहे म्हणून मुंगी. नाव मीच दिलं, आता सगळी शाळा तेच म्हणते!) डोळे पुसत होती बिचारी. हल्ली डबासुद्धा एकटीच खाते. तिची चिठ्ठी कुठे गेली?

किल्ली एकच, ती अध्यक्षाकडे. म्हणजे दहावीतल्या आमच्या जिराफाकडे. विचारलं तर म्हणाला, "होत्या तेवढ्याच." मान वर करून बोललासुद्धा नाही. एवढी लांब मान असून!

मंगळवार, ९ सप्टेंबर

आईला सांगितलं. "तू पोलिसात जा बाई, घरात तरी शांतता नांदेल."

हसा! बाईंच्या हातापाया पडून ही समिती आम्ही मुलांनी काढली. कोणी कोणाला छळायचं नाही, आणि छळलंच तर बिनधास्त लिहायचं — स्वतःचं नाव नको, त्रास देणाऱ्याचं हवं. चिठ्ठ्याच गायब होणार असतील तर मुंगीने जायचं कुणाकडे? मी गप्प बसणार नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

सापळा लावला. डाव्या हाताने चार चिठ्ठ्या लिहून टाकल्या. अमका नळावर रांग मोडतो, तमका बाकावर शाई सांडतो वगैरे. अक्षर इतकं भिकार आलं की मलाच वाचता येईना.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चारही निघाल्या! सहावीतल्यांनी काल टाकलेली मात्र एकही नाही. म्हणजे हा निवडून काढतो. कुणाला वाचवतोय? जिगरी दोस्त असणार कुणीतरी.

समितीच्या चिटणीस मुलीला कोपऱ्यात गाठलं. तिला मी कॅसेट म्हणते, एकेक शब्द तीनतीनदा वाजतो. "जा-जा-जाऊ दे ना," म्हणाली आणि लालबुंद झाली. हीपण सामील!

मंगळवार, १६ सप्टेंबर

सापडला! पहिल्या घंटेआधी प्रयोगशाळेच्या दाराआड उभी राहिले. जिराफ आला, इकडेतिकडे पाहिलं, पेटी उघडली. एकेक चिठ्ठी वाचली. त्यातल्या दोन घडी करून कंपासमध्ये! चोराच्या मनात चांदणं.

तडक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी कंपास सगळ्यांसमोर उघडू."

गुरुवार, १८ सप्टेंबर

उद्या! भाषणही तयार आहे माझं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

कंपासमध्ये सात चिठ्ठ्या होत्या. बाईंनी मनातल्या मनात वाचल्या, बाकीच्यांना बाहेर पाठवलं, आम्हा दोघांना थांबवलं. मला वाटलं, शाबासकी!

सातही माझ्याबद्दल. मुंगीची दोन ओळींची — 'ती हाक मारते आणि सगळे हसतात. मला शाळेत यायचं नाही.'

तो खाली बघून म्हणाला, "तुला एकटीला गाठून सांगणार होतो. धीरच झाला नाही."

मी चिठ्ठ्या परत परत वाचल्या. एक त्याच्याच अक्षरात होती.