मुरूम लागेपर्यंत

अकोला, ३ मार्च १९५९
अँटेनासाठी नवा खांब उभारायचं ठरवलं. गेल्या मेमध्ये जुना पडला, त्यावर चढलेला मधू गेला. तेव्हापासून वायरलेसला हात लावला नव्हता. काल अमरावतीहून त्याच्या बायकोचं, वहिनींचं, पत्र: खांब उभा करा, तुम्हा दोघांचं अर्धं राहिलेलं पुरं करा. ही बाई मला काय समजते कोण जाणे.

८ मार्च
गणपत गवंडी आला. ताणाच्या तारांच्या जुन्या खुंट्या बघून हसला. "मास्तर, काया मातीत खुटी? उन्हायात जमीन उकलते, मंग खुटी बोटानं निंगते." आता मुरूम लागेपर्यंत खणून सिमेंट भरायचं. मधूही हेच म्हणत होता. मी म्हटलं, मी ठोकल्यात, दिवाळीपासून हलल्या नाहीत, आता काय हलणार. शहाणा मी!

११ मार्च
तीन फूट खणलं. अजून काळीच.
संध्याकाळी नुसता रिसीव्हर लावला. खरखरीतून कोणीतरी मोर्स पाठवत होतं, शेवटचा डॅश ओढून, मधूसारखा. मोर्समध्ये आवाजासारखाच हात ओळखू येतो. कॉलसाइननं ओळख पटायच्या आत सेट बंद केला. भ्यालो.

१५ मार्च
पाच फुटांवर मुरूम.
त्या सकाळी एक खुंटी सैल दिसली होती. टाचेनं दाबली. मधूनं विचारलं, बघितल्यास ना सगळ्या? हो म्हटलं. चढला. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. चालताना अजून उजवी टाच जपून टाकतो.

२२ मार्च
वहिनी आल्या, मधूची मोर्स-की घेऊन. चहा होईपर्यंत खड्ड्यांपाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तवा खुट्या कोनं ठोकल्या होत्या?"
मी म्हणालो, मधूनं.
"ते बाळापूरच्या शेतकऱ्याचे पोरगे होते, भाऊजी. त्याईले मातीचं समजे."
एवढंच. चहा घेतला, मोर्स-की टेबलावर ठेवली, दुपारच्या मोटारीनं गेल्या. माझी मलाच लाज वाटते.

५ एप्रिल
खांब उभा. गणपत तारेला लोंबकळला, खांब तसूभर हलला नाही. सेट लावलेला नाही.
वहिनींना पत्र लिहायला बसलो. नावाआधी सवयीनं सौ. लिहिलं. खोडलं. गं. भा. लिहायला हात होईना. मजकूर एका ओळीचाच आहे, पण मायना पुरा होत नाही. हा तिसरा कागद.