सरावाची म्हातारी

सोमवार, २६ नोव्हेंबर २००१

आज मुरबाडला आले. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. आता घरी बसून सुनेचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं. नातीच्या कॉलेजात आलेय, सोनालीच्या. मी शिकायला नाय आले, पोरी माझ्यावर शिकणार आहेत. आजारी माणसाची कूस बदलायची, अंग पुसायचं, घास भरवायचा, हे इथे शिकवतात. त्या सरावाला जिवंत म्हातारं माणूस लागतं. सोनाली दहावीला इंग्रजीत गचकलेली, तिला कोण घेतोय. पण जी पोरगी घरचं म्हातारं आणील तिला आधी जागा, असं इथल्या वत्सला मॅडम बोलल्या. पास झाली तर कल्याणला दवाखान्यात नोकरी. मी बोलले, चल गो, मी मेल्यावर मला आंघोळ घालणारच आहेस, आताच हात बसव.

खाट लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडे. गादी स्पंजाची. जेवण आयतं, वर पोरी भरवतात. खर्डीत सगळा जन्म गेला, असा मान कोणी दिला नाय.

साक्षरता वर्गाचे गुरुजी बोलले होते, रोज चार ओळी लिहा, नायतर अक्षर विसराल. म्हणून ही वही.

बुधवार, २८ नोव्हेंबर

आज अंग पुसायचा धडा. एकीनं पाठ अशी घासली की सालच निघायची. मी बोलले, बाय, मी माणूस आहे, करपलेला टोप नाय. पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाय. त्यांनी पोरींना सांगितलं, रुग्ण बोलेल ते ऐकायचं, पण मानायचं नाय. मी धडधाकट आहे, मला घरी सोडा, असं प्रत्येक रुग्ण बोलतो, तो त्याचा आजार बोलतो. आपण गोड आवाजात होय आजी म्हणायचं आणि आपलं काम करायचं. नाय तर गुण कापणार. सोनाली ओठ हलवून पाठ करत होती.

शेजारच्या खाटेवर वैशाखरे गावची धोंडीबाई आहे. हाडांची मोळी झालीय. ती खरीच आजारी असावी. छताकडे बघत पडून असते.

सोमवार, ३ डिसेंबर

दुपारी गोळी देतात. गोळी द्यायचाही सराव लागतो म्हणे. मॅडम बोलल्या, चुन्याची आहे, काय होत नाय. पण ती खाल्ली की जीभ जड होते आणि पाय भिजल्या गोधडीसारखे.

संडासला उठले तर सोनालीनंच आडवलं. रुग्ण खाटेवरून उतरला तर ती नापास. मग भांडं आणलं. जिचं मी लहानपणी धुतलं तिनं माझ्या खाली भांडं सरकवलं. मी आईवरून शिवी हासडली. ती बोलली, होय आजी.

हसायला आलं मला. थोडंच.

शनिवार, ८ डिसेंबर

आज गोळी जिभेखाली दडवली. सोनालीनं बोट घालून शोधली. म्हसाच्या जत्रेत बैलाचे दात बघतात तसं माझं तोंड उघडलं. मॅडम बोलल्या, बघा, अशी नजर पाहिजे. पोरगी लाजली.

धोंडीबाई आज बोलली. तीही चालत आली होती. भाचीच्या सरावाला, एका बॅचपुरती. भाची पास झाली, आता वाशिंदला नोकरीला आहे. मी विचारलं, मग तू घरी का नाय गेलीस गो.

ती बोलली, सांगत तर होते. रोज सांगत होते.

रविवार, १६ डिसेंबर

माझा मुलगा आला. लखमा. बिस्किटं घेऊन. मी बोलले, मला ने, आत्ताच्या आत्ता ने, मी बरी आहे, ही माणसं मला खाटेत जिरवतायत. लखमानं लेकीकडं बघितलं. सोनाली हळू आवाजात बोलली, बाबा, ती रोज असंच म्हणते, वयानं होतं, उलट बोलू नका. मॅडम मागून बोलल्या, हलवलीत तर वाटेतच श्वास अडकेल.

पांढरा कोट दिसला की लखमाचा कणा मोडतो. पाया पडायला वाकला. मी लाथ मारायला गेले. पाय उठला नाय.

त्यालाही तो आजारच वाटला. डोळे पुसत गेला.

मग सोनालीचा हात धरला. गो, तुला ठाऊक हाय मी चालत आले. स्टँडवरून तुझी पेटी कोणी आणली? तिनं खूप वेळ माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं. डोळ्यांत दिसत होतं. मग तिनं पांघरूण सारखं केलं.

होय आजी.

गुरुवार, २० डिसेंबर

धोंडीबाई गेली. सकाळी, पेज भरवताना.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मयताचं अंग पुसणं, हनुवटी बांधणं, नाकात कापूस. हा धडा राहिलाच होता. एका पोरीचा नंबर लागला नाय, ती रडवेली झाली. मॅडम बोलल्या, पुढच्या वेळी तू पहिली.

तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सोनालीनं पण.

शुक्रवार, २८ डिसेंबर

परीक्षा. ठाण्याहून साहेब आले. मी ताकद राखून ठेवली होती. स्पष्ट बोलले. मी ठमी, खर्डीची. चालत आले. मला काय झालेलं नाय. ही गोळी देतात. ही माझी सख्खी नात, हिलाच विचारा.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग सोनालीकडं वळले. ती काय करते ते बघायला.

तिनं माझा हात हातात घेतला. आवाज असा की मधात बुडवलेला. होय आजी. उद्या जायचं हं घरी.

साहेब बोलले, शाब्बास.

पहिली आली.

शनिवार

नवा कोट घालून आली. आज कल्याणला जाणार. मी बोलले, जा, नोकरी कर, पण जाताना एकदा बोल. सगळ्यांसमोर. ही माझी आजी, ही बरी आहे. एवढंच. तुझे गुण आता कोण कापणार नाय.

तिनं मला नाव विचारलं. माझं नाव. रुग्णाला विचारतात तसं.

मी सांगितलं.

ती मॅडमला बोलली, कधी कधी बरोबर सांगते.

आणि गेली. मागं बघून हसली पण — गोड —

सोमवार, बहुतेक

नव्या पोरी आल्यात. काल एकीला बोचकारलं. म्हणून आज हात बांधायचा धडा. मऊ पट्टी, कठड्याला.

ही पोरगी बारकी आहे. मी बोलले, बाय, मी बरी आहे, तुझ्या आईची शपथ घालते. तिनं मॅडमकडं बघितलं —

होय आजी.

डावा झाला. गाठ घट्ट. आता म्हणते पेन्सिल सोडा, दुसरा हात द्या — मी देत नाय — दोघी आल्या — माझं नाव ठमी, मी चालत आ