ठेंगणीची खाच

१२ फेब्रुवारी

प्रिय डावऱ्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे थंडी ओसरली, खिडकीतला गुलाब मात्र अजून रुसलेलाच आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेला स्वेटर यांना सैल होतो, पण अंगातून काढायला तयार नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते, आणि उत्तरात हवामानावर घसरू नकोस. इथल्या संग्रहालयात ठेंगणी आली आहे. हो, तुझीच. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बनल्या होत्या, त्यातली बहुधा ही एकच उरली. खाली पाटी लावली आहे, ‘सबमशीन गन, युद्धकाळ, रचनाकार अज्ञात’. माझं डोकंच फिरलं. अज्ञात म्हणे! जेवणाच्या टेबलावर आराखडे पसरून बसायचास आणि ताटं कुठे ठेवू म्हणून आई ओरडायची, ते कोण होतं मग?

काय दिवस होते रे! चांगलं पोलाद मिळेना, म्हणून तू सायकलच्या कारखान्यातून नळी आणलीस आणि पत्रा ठोकून मूठ केलीस. आत पुढे येऊन गोळी उडवणारा एक जड बोल्ट, एक स्प्रिंग, बस्स. तुझ्या रेघा शाईने गिरवायचं काम माझं. बोल्ट ओढायचा दांडा तू उजव्या बाजूला दिलास, तेव्हा आपलं सगळं शस्त्रखातं हसलं. तुझ्यासारख्या डावखुऱ्याला ते सोयीचं, बाकी जगाला मात्र दर वेळी मुठीवरून हात काढावा लागणार! चाचणी घेणारा म्हणाला, “अहो, ही बंदूक आहे की तुमचा दात घासायचा ब्रश? दुसऱ्या कुणी वापरायचीच नाही?” तू कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाहीस. मी मात्र पोट धरून हसले, आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

त्याआधी तो दिवस आला. ठेंगणी बाकावरून खाली आपटली, धक्क्याने बोल्ट आपणच मागे जाऊन पुढे आला, आणि गोळी यांच्या पायात गेली. चाप कुणी ओढलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तू आराखड्यांवरचं आपलं नाव खरवडलंस आणि पत्ता न ठेवता निघून गेलास. लग्नालाही आला नाहीस. पुढे तुझी पत्रं येऊ लागली, पण त्यांतही आपण गुडघे आणि गुलाब यांच्यावरच बोलतो.

परवा यांना चाकांच्या खुर्चीतून संग्रहालयात नेलं. खुर्ची कशाला, ते शेवटी सांगते. तिथल्या बाईंनी काच उघडून ठेंगणी यांच्या मांडीवर दिली. यांनी डोळे मिटून नळीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. दांडा ज्या फटीतून सरकतो, तिच्या टोकाला एक छोटी खाच आहे. दांडा त्यात अडकवला की बंदूक कितीही आपटली तरी बोल्ट हलत नाही.

मी म्हटलं, “अहो, ही आराखड्यात नव्हती.”

“मी कापली. कुबड्या होत्या तेव्हाच, कानशीने. त्याला दाखवायची होती.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“पत्रात काय सांगायचं? त्याच्या हातात द्यायची होती. पण लढाई संपली आणि बंदुकाच उचलून नेल्या.”

मला तिथेच रडू कोसळलं. ज्याच्या पायात गोळी गेली, तो माणूस तुझी बंदूक नीट करत बसला होता, आणि तू त्याला तोंड दाखवायला घाबरत होतास. बाईंनी पाटीसाठी रचनाकाराचं नाव विचारलं, तर हे म्हणाले, “त्याचा तो येऊन सांगेल.”

खुर्चीचं सांगते. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, खांद्यावर हात ठेवून निघून जातात. दाराशी पाऊल वाजलं की हे मान वळवतात. तू कधी येणार, असं विचारत नाहीत, पण मला कळतं. संग्रहालय नंतर बघू. हे पत्र मिळताच निघ आणि आधी घरी ये.

तुझ्यावर फार रागावलेली
ताई,

आणि एक दिवसही न रागावलेले, तू अजून एकदाही ज्यांना भावजी म्हटलं नाहीस, ते