माझ्या नावानं मागितलेली माफी

धुळे, गल्ली नंबर चार,
रविवार, ता. ९ सप्टेंबर १९७३

प्रिय सुरेशभाऊ,

सप्रेम जयजिनेंद्र.

इकडे मी आणि धनकुंवर भुवा खुशाल आहोत. पांझरेला यंदा पाणी आलं आहे. मागच्या वर्षीच्या दुष्काळानंतर लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की पुलावर थांबून नुसतं पाणी बघत बसतात. बाईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, लेक सांगते, पर्युषणाचे उपवास झाले, आता चहावर दिवस काढू नकोस, दोन घास नीट खा. बापूजींचा खोकला बरा असेल. दाणा बाजारात तुरीची आवक कशी आहे ते विचारत नाही.

झालं, खुशाली संपली. आता भांडायला बसते. घरात आपण मारवाडी बोलतो, पण तुझं-माझं भांडण शाळेपासून मराठीतच चालत आलंय, म्हणून पत्र मराठीत. आणि हे टपालानं टाकत नाहीये. आमच्या बँकेतले हिलाल क्लार्क उद्या जळगावला जाणार आहेत, ते दुकानात येऊन फक्त तुझ्या हातात देतील. का, ते पुढे कळेल. तेवढं पाकीट गल्ल्याशेजारी ठेवून विसरू नकोस.

परवा बँकेच्या पत्त्यावर आपल्या पेढीचं खमतखामणाचं कार्ड आलं. गुलाबी, सोनेरी काठाचं. वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं, कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल तर संवत्सरीच्या निमित्तानं हात जोडून क्षमा मागतो वगैरे. दर वर्षीचाच मजकूर. खाली नावं: जवरीलाल, सुरेशचंद आणि शेवटी चंद्रकांता. अरे वा! इतक्या वर्षांत आपल्या कार्डावर घरातल्या मुलीचं नाव कधी छापलं नव्हतं. यंदाच कशी आठवण झाली? हेच कार्ड बोदवडला सुगनचंदजींच्या घरी गेलं असणार, हे ओळखायला मला परीक्षा द्यायला नको.

श्रावणात ते मुलाला घेऊन मला बघायला आले होते. त्यांनी विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडशील ना? मी म्हटलं, नाही. आणि डिसेंबरात मुंबईला जाऊन अहमदाबादच्या मॅनेजमेंट कॉलेजची प्रवेश परीक्षा देणार आहे, तेव्हा निकाल लागेपर्यंत लग्नाचंही नाव काढू नका. एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, कप आपटला नाही. यात कुणाचं मन दुखावलं असेल तर ते दुखणारं मन फार नाजूक म्हणायचं. त्यांच्यापुढे तू माझ्या नावानं हात जोडलेस. बरं, वर एक कार्ड मलाही पाठवलंस! म्हणजे मीच माझी क्षमा मागितली. मी विचार केला आणि क्षमा केली नाही.

भुवा बापूजींचीच बहीण, म्हणते, असं बोलू नये, पाप लागतं. संवत्सरीला समोरच्यानं मागितली नाही तरी आपण क्षमा द्यायची असते. मी तिला म्हटलं, भुवा, ज्याच्याशी खरं भांडण असतं त्याच्या दारात आधी जायचं, हेही तूच शिकवलंस ना? मग जळगाव-धुळे एस.टी. काय बंद पडली होती का? ती म्हणाली, तू तरी कुठे गेलीस. खरं आहे, मी गेले नाही आणि जाणारही नाही. त्या दिवशी उपवास करून काउंटरवर उभी होते, गिऱ्हाइकांना नमस्कार केला, लोटन शिपायापुढेसुद्धा हात जोडले. तुझ्यापुढे नाही जोडले. आयुष्यात पहिल्यांदा प्रतिक्रमणात क्षमा मागताना एक नाव गाळलं. त्याचं जे काय पाप असेल ते माझं.

कारण कार्ड हे नंतरचं. आधीचं तुला माहीतच आहे, पण मी तुझ्या तोंडावर अजून बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

त्या दिवशी मी क्लिअरिंगचे चेक घेऊन दुसऱ्या बँकेत गेले होते. परत आले तर लोटन दारातच म्हणाला, "ताई, तुमना भाऊ येल व्हता. साहेबजवळ बसना, चहा बी पिधा." मला आनंद झाला रे! वाटलं, राखीला नीट बोलला नाही म्हणून आलाय. भुवाकडे जेवायला थांबला असेल. तेवढ्यात मॅनेजर चौधरी साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर एक कागद सरकवला आणि म्हणाले, "चंद्रकांताबाई, तुमचा राजीनामा आलाय, पण तुम्ही काही त्याच्याबरोबर आला नाहीत."

खाली तुझी सही. "चंद्रकांता जवरीलाल जैन करिता, सुरेशचंद."

करिता! अरे, मी काय रेल्वेच्या मालधक्क्यावर पडलेलं पोतं आहे? आपल्या दुकानात चालतं तसं, मला माहीत आहे. बापूजी नसले की तू त्यांच्याकरिता सही करतोस, तू नसलास की मुनीमजी तुझ्याकरिता, आणि अख्खा बाजार ती सही मानतो. त्या सवयीनं तुझा हात चालला असेल. तुला त्यात गैर काही वाटलंच नसणार, आणि हेच मला जास्त झोंबलं. चोरून केलं असतंस तर समजले असते. तू राजरोस साहेबांसमोर बसून, चहा पिऊन, घरचं काम उरकावं तसं माझं पोट आणि माझी परीक्षा दोन्ही उरकून गेलास.

नोकरी गेली तर मी धुळ्यात कशाला राहणार? जळगावला परत. जळगावला परत म्हणजे डिसेंबरच्या आत बोदवड. हा हिशोब तुला कळत नाही असं म्हणू नकोस.

साहेबांनी विचारलं, काय करू याचं? मी म्हटलं, साहेब, ज्यांची सही आहे त्यांचा राजीनामा मंजूर करा. ते हसले, मी नाही हसले. बाहेर येऊन काउंटरवर बसले तर समोरच्या म्हाताऱ्याला दोनदा विचारलं, बाबा, काढायचे की भरायचे? सगळ्या शाखेला कळलं होतं. तरी संध्याकाळी माझी बेरीज पहिल्या झटक्यात जुळली, हेही ऐकून ठेव.

तर माझा अभ्यास चालू आहे. तुला वाटत असेल, बँक करून हिला कुठला वेळ? सांगते. भुवा पहाटे सामायिकाला बसते. ती वाळूची घडी उलटी करते आणि मी पेपर पुढे घेते. वाळू संपेपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, ती बोलत नाही, उठत नाही, मला पाणी आण म्हणत नाही. अशी परीक्षेची खोली मुंबईतही मिळायची नाही. सुरुवातीला वाळू संपली तरी माझी निम्मी गणितं राहायची. आता गणितं संपतात आणि मी वाळूकडे बघत बसते. इंग्रजी पेपर इथे दुपारी येतो. डबा खाताना अग्रलेख वाचते आणि अडलेले शब्द चौधरी साहेबांना विचारते, निम्मे त्यांनाही येत नाहीत. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून धावत घरी, मग तक्ते आणि आलेख. इंग्रजीच कच्चं आहे. उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात, तिथे मी फार विचार करत बसते. गणिताचं पुस्तक चांगलं आहे. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, अवघड गणिताला फुली, सोप्याला टिंब. त्या खुणांचा उपयोग होतो.

त्या खुणा कुणाच्या, ते आपण लिहायला नको असं ठरवून मी बसले होते. तीन पानं टाळलं. पण हे टाळून पत्र पुरं होत नाही भाऊ, आणि पत्र हिलालभाऊंच्या हाती द्यायचं कारणही तेच आहे. आपल्या घरी आलेलं पाकीट बापूजी आधी फोडतात.

मागच्या डिसेंबरात तू मुंबईला मशीद बंदरच्या बाजारात तुरीचे भाव बघायला गेला नव्हतास. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर मला म्हणालास, चंद्रा, घरी सांभाळून घे. मी घेतलं. बाईला खोटं सांगितलं, बापूजींना खोटं सांगितलं. निकालाचं पाकीट माझ्या बँकेच्या पत्त्यावर मागवलंस, तेही मीच आणलं. मेहरूणच्या तलावावर तू ते फोडलंस, वाचलंस, खिशात घातलंस आणि म्हणालास, "चल, उशीर होतोय." त्यानंतर आजपर्यंत तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही नाही. चार दिवसांनी पुस्तकं माझ्यापुढे टाकलीस, रद्दीत दे म्हणालास. मी दिली नाहीत.

पहाटे उठून दुकान उघडायच्या आधी तू पोत्यांवर बसून ती गणितं करायचास. मी रविवारी घरी आले की मला बाजूला बसवून समजावायचास. अहमदाबादला काय शिकवतात, कारखाने कसे चालवतात, हे मला कुणी सांगितलं? मला त्या परीक्षेचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हे खूळ माझ्या डोक्यात घालणारा तू आहेस!

आणि आषाढात मी जेवताना सांगितलं की मी बसणार आहे, तेव्हा बापूजी अजून घास गिळत होते, बाई माझ्याकडे बघत होती, आणि सगळ्यांत आधी कोण बोललं? तू. म्हणालास, "त्या परीक्षा आपल्यासारख्यांच्या नसतात. उगाच हसं होईल." बापूजींनी मान डोलावली. पोरगा शहाणा, त्याला बाजार कळतो. भाऊ, माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते बोलले असते तर तू ताटावरून उठून गेला असतास. मी ते वरणाबरोबर गिळलं, आणि रात्रभर मला तुझीच कीव येत राहिली. राग नंतर आला, राजीनाम्याच्या दिवशी.

तू नापास झालास म्हणून मी बसू नये, असं आहे का? की मी बसले आणि पास झाले तर तुला दुकानात बसणं कठीण जाईल? खरं सांग. बोदवडवाल्यांचं नाव पुढे करू नकोस, त्यांना माझ्याहून चांगली सून आखाजीच्या मुहूर्ताआत मिळेल. तुझं दुःख मला कळतं. पण तुझ्या दुःखाला मी माझ्या नोकरीचा नैवेद्य दाखवणार नाही. अजिबात नाही.

बापूजींनाही आज पत्र लिहिलंय, ते टपालानं येईल. त्यात स्वच्छ लिहिलंय की नोकरी सोडलेली नाही, परीक्षेची फी भरलेली आहे, बोदवडला नकार कळवा, आणि पुढच्या वर्षीपासून कार्डावर माझं नाव मला विचारून छापा. ते ओरडतील. तुला बोलावून विचारतील, हिला एवढी हिंमत कुठून आली. काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या मुंबईबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि माझ्या तोंडून कधी निघणारही नाही. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. ते सांगायचं असेल तर तुझं तू सांगायचं, तुझ्याकरिता मी कोण सांगणार?

मुंबईला एकटी जाणार नाही, ती काळजी करू नका. भुवाला विचारलं, तू तरी रागावणार नाहीस ना? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हैं साथे आऊंली." फूफाजी गेल्यापासून ती शिरपूरच्या पुढे गेलेली नाही. आता रोज विचारते, मुंबईला उकळलेलं पाणी मिळेल का, आणि तुझा पेपर चालू असताना मी बाहेर सामायिक केलं तर ते लोक उठवतील का.

यंदा भाऊबीजेला मी येणार नाही. तिथे आले तर तुझ्यापुढे ताट घेऊन बसावं लागेल आणि मला खोटं ओवाळता येत नाही. बाईला वाईट वाटेल, तिला तू सांभाळ.

आता निकालाचं. पास झाले तर तार बापूजींच्या नावानं पेढीवर करीन, भर बाजारात मोठ्यानं वाचून दाखवावी लागेल अशी. नापास झाले तर तार तुझ्या नावानं येईल. त्या दिवशी दुकान मुनीमजींवर सोड आणि मिळेल ती धुळ्याची गाडी पकड. पुढच्या वर्षी बघू म्हणू नकोस, हसं झालं म्हणू नकोस, चल उशीर होतोय असं तर मुळीच म्हणू नकोस. नुसता येऊन बस. तेव्हा कसं वाटतं हे आपल्या घरात फक्त तुला माहीत आहे, आणि त्या दिवशी मला दुसरं कुणी चालणार नाही.

क्षमा न मागणारी, अजून न केलेली,
आणि तरीही तुझीच,
चंद्रा